गळकं पेन आणि माझी पक्कड

(गणेशोत्सवात आपल्या क्लब हाऊसमध्ये 'माझा छंद' हा कार्यक्रम झाला. त्यातलं हे बोलणं स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढलं आहे. बोलताना जे विसरलो ते इथे घातलं आहे आणि जे उगाच बोललो ते गाळलं आहे.)



आपल्या सोसायटीचं पहिलं इतिवृत्त पुस्तक ऑफिसच्या कपाटात आहे. ते कोणी उघडून पाहिलं असेल तर पहिल्याच सर्वसाधारण सभेच्या पानावर, ठराव क्रमांक ४ च्या बरोबर मध्ये, पावलीएवढा निळा डाग दिसेल. पाण्याच्या टाकीच्या खर्चाचा तो ठराव. आकडा डागाखाली गेला म्हणून शेजारी पुन्हा लिहून सह्या घ्याव्या लागल्या. तो डाग माझ्या हातून पडला. अक्षर बरं आहे म्हणून मला लिहायला बसवलं होतं. पंचवीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, पेन जुनं आहे, गळतं. आज खरं काय ते सांगतो.

हे पेन माझ्या वडिलांचं. वडील पिंपरीच्या पेनिसिलिन कंपनीत, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, स्टोअरला होते. १९५४ साली सुरू झालेली ही सरकारी कंपनी. आपण सगळे तिला एच.ए. म्हणतो. स्टोअरचं काम म्हणजे दिवसभर लेजर. त्यासाठी त्यांनी आप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानातून हे काळं एबोनाइटचं पेन घेतलं. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. पेन साधं, ड्रॉपरने शाई भरायचं. आत पिशवी नाही, पंप नाही. नळीतच शाई ओतायची, वरून निबेचा भाग आट्यांवर फिरवून बसवायचा, झालं.

वडील रोज सकाळी फर्स्ट शिफ्टच्या बसला जाण्याआधी खिडकीपाशी उभे राहून हे पेन काठोकाठ भरायचे. आदल्या दिवशीची अर्धी शाई शिल्लक असली तरी भरायचे. आई म्हणायची, "अहो, अजून आहे की त्यात." ते नुसते हसायचे. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाला निळा डाग पडलेला मी एकदाही पाहिला नाही.

पेन माझ्याकडे आलं आणि गळायला लागलं.

मी माणूस कारखान्यातला. आधी भोसरी, मग चाकण, सगळी नोकरी क्वालिटीत गेली. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत आहे, आमच्याकडे पार्ट रिजेक्ट झाला की 'व्हाय-व्हाय' करतात. का झालं? ते का झालं? असं पाच वेळा विचारत मुळाशी जायचं. दिवसभर दुसऱ्यांना हे शिकवणारा मी, घरी आलो की काय करायचो? बोटाला शाई लागली, म्हणजे जॉइंट सैल आहे. आवळा. हाताने आवळलं, गळलं. फडकं गुंडाळून आवळलं, गळलं. मग पक्कड घेतली. नळाच्या आट्यांना लावतात ती पांढरी टेप गुंडाळली आणि पुन्हा पक्कड. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा बोटं निळी. निब बदलली, शाई बदलली. शेवटी दोष पेनाच्या वयाला दिला आणि ते ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला तेव्हा एकदा नीट बसलो. मुलांनो, तुमच्या आजी-आजोबांचं पेन घरात असेल तर ही परीक्षा तुम्हीही करू शकता.

पेन उघडलं, साध्या पाण्याने धुतलं. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं, त्याला दोन दिवस लागले. पूर्ण सुकू दिलं. मग त्यात पाणी भरलं आणि दोन थेंब शाई टाकली, फक्त रंग दिसावा म्हणून. बाहेरून कोरडं पुसलं. टिश्यू पेपरच्या तीन पट्ट्या केल्या. एक निबेभोवती, एक जॉइंटभोवती, एक खालच्या नळीभोवती. निब वर करून पेन ग्लासात रात्रभर उभं ठेवलं. दुसऱ्या रात्री तेच, पण निब खाली करून. कोणती पट्टी आधी ओली होते ते पाहायचं. चाकणला आम्ही कास्टिंगची लीक टेस्ट घ्यायचो तीच ही, फक्त मशीन नाही.

निबेची पट्टी कोरडी. जॉइंटची पट्टी ओली. मी म्हटलं, बघा, जॉइंटच! पण भिंगातून पाहिलं तर पट्टी सगळीकडून ओली नव्हती. एकाच बाजूला, एकाच रेषेत ओली होती. जॉइंट सैल असता तर गोल ओली झाली असती. तिथे नळीच्या तोंडाला केसासारखी बारीक चीर होती. शाई त्या चिरेतून बाहेर येत होती आणि आट्यांच्या खाचेतून फिरून माझ्या बोटांपाशी उगवत होती.

ती चीर कशाने पडली? पक्कडीने. नळीचं तोंड पातळ. त्यात आटे जोराने आत घातले, वर टेपचा जाडपणा, म्हणजे ओंडक्यात पाचर मारल्यासारखंच. गळतं म्हणून मी आवळत होतो, आणि मी आवळत होतो म्हणून गळत होतं.

मग प्रश्न राहिला, पक्कड लावण्याआधी ते पहिल्यांदा का गळलं? तेव्हा तर चीर नव्हती. इतिवृत्तावरचा डाग त्याआधीचा आहे. त्याचं उत्तर वडिलांच्या सकाळच्या सवयीत होतं.

शाईचं पेन कसं चालतं ते दोन वाक्यांत सांगतो. निबेखाली जो खाचांचा काळा तुकडा असतो, ज्याला आपण जीभ म्हणतो, त्यातून शाई खाली येते आणि त्याच वाटेने हवा वर जाते. जेवढी शाई गेली तेवढीच हवा आत आली पाहिजे. हे नेमकं जमवण्यासाठी न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली जिभेच्या खाचांचं पेटंट घेतलं, आणि तेव्हापासून फाउंटन पेन भरवशाचं झालं. हवा वाट सोडून जास्त जागा मागायला लागली की शाई बाहेर ढकलली जाते. आपण म्हणतो, पेन ओकलं.

आता हिशेब. पेनात समजा दोन मिलिलिटर हवा आहे, म्हणजे पेन बरंच रिकामं आहे. हातात धरून आपण लिहितो, हाताची ऊब नळीला लागते. हवा दहा अंशांनी तापली तर ती साधारण तीस भागांतला एक भाग फुगते. दोन मिलिलिटरचा तिसावा भाग म्हणजे सवा थेंब. तो सवा थेंब जाणार कुठे? जिभेच्या खाचांत थोडा मावतो, उरलेला ठराव क्रमांक ४ वर! आणि पेन काठोकाठ भरलेलं असेल तर? हवा जेमतेम पाव मिलिलिटर. तीही तेवढीच तापेल, पण ढकलेल थेंबाचा सहावा हिस्सा. तेवढा जीभ आरामात धरून ठेवते.

वडिलांना हा हिशेब कोणी शिकवला होता असं मला वाटत नाही. पण लेजरवर डाग पडलेला स्टोअरमध्ये चालत नसे, म्हणून त्यांनी अनुभवाने शोधून काढलं होतं. भरलेलं पेन ओकत नाही. त्या पहिल्या सभेच्या दिवशी मी पेन घाईत उचललं होतं, पाव भरलेलं. सभा चालली दोन तास, पेन पूर्ण वेळ माझ्या मुठीत.

याच हिशेबाने आणखी एक गंमत उलगडते. आपल्याकडचे जुने लोक सांगायचे, मुंबईला जाताना पेन गुणी असतं आणि परत येताना बिघडतं. खरं आहे. मुंबई समुद्रकाठी, आपण साडेपाचशे-सहाशे मीटर वर. घाट चढला की बाहेरचा हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी होतो. पेनातली हवा मात्र मुंबईत भरलेली. ती तेवढी फुगणारच. अर्धवट रिकामं पेन बॅगेत आडवं असेल तर कर्जत ते खंडाळा दोन-अडीच थेंब टोपणात. उपाय दोनच. एक तर पेन भरून न्या, नाहीतर निब वर करून खिशाला लावा, म्हणजे हवा निबेकडे असते आणि शाईऐवजी हवाच बाहेर पडते. विमानातही हेच करायचं.

आता ज्यांच्या घरी जुनं पेन पडून आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डाग कुठे पडतो यावरून संशय घ्यायचा, पण निकाल पट्टीच्या परीक्षेनंतरच द्यायचा.

निबेतून थेंब पडत असेल तर आधी पेन किती भरलं आहे ते बघा. भरलेलं असूनही पडत असेल तर जिभेच्या खाचांत वाळलेली शाई अडकून हवेची वाट बिघडलेली असते. साध्या पाण्यात फक्त निबेचा भाग रात्रभर ठेवा, भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब चालेल, मग खळखळून धुवा. गरम पाणी नको. काळं एबोनाइट गरम पाण्याने मातकट होतं, आणि सेल्युलॉइडचं पेन असेल तर वाकडं होतं. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचं औषध, काहीही लावू नका. प्लास्टिकच विरघळेल. धुऊनही फरक पडला नाही तर निब आणि जीभ यांच्यात फट आहे का पाहा. उजेडाकडे धरून आडवं बघितलं की कळते.

जॉइंटला सगळीकडून गोल ओलं होत असेल तर आटे झिजले आहेत. आवळू नका. पाण्याच्या फिल्टरच्या रबरी रिंगला लावतात ते सिलिकॉन ग्रीस मिळतं. ते मोहरीच्या दाण्याएवढं आट्यांवर लावा आणि बोटांनी, पुन्हा सांगतो, बोटांनी फिरवून बसवा. नळाची टेप लावू नका. तिचं काय होतं ते मी सांगितलंच.

पेन पिशवीचं असेल, म्हणजे बाजूची पट्टी किंवा मागचं बटण दाबून शाई ओढणारं, आणि नळी उघडल्यावर आतून शाई दिसली, तर रबरी पिशवी गेली. रबर जुनं झालं की कधी चिकट होतं, कधी कडक होऊन तडकतं. ती बदलता येते. बसवताना झटपट डिंक वापरू नका. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख लावतात, कारण पुढच्या वेळी थोडी ऊब दिली की ती सुटते. आपण दुरुस्त करतो तेव्हा आपल्यानंतर करणाऱ्याचाही विचार असावा.

आणि पट्टी एकाच रेषेत ओली झाली तर चीर. तिथे थांबा आणि जाणकाराला दाखवा.

शाईबद्दल एवढंच, की फाउंटन पेनची म्हणून विकतात तीच साधी शाई वापरा. आमच्या पिढीला कॅमलची शाई पुरली. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून तो धंदा सुरू केला होता. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई मात्र पेनात कधीही भरू नका. ती एकदा जिभेत वाळली की पाण्याने निघतच नाही.

माझ्या पेनाचं पुढे काय झालं? भोसरीत एक जुना मित्र अजून लेथ चालवतो. त्याने नळीचं तोंड पाहिलं आणि विचारलं, "कोणी केलं रे हे?" मी म्हटलं, गिऱ्हाईक असंच आलं. त्याने चीर पातळ डिंकाने भरली, नळीच्या काठाचा दोन मिलिमीटर भाग बाहेरून किंचित उतरवला आणि त्यावर स्टीलची बारीक कडी बसवली. बाहेरून कडी दिसते. दिसू दे. आता पट्टी कोरडी राहते.

इथपर्यंत छंदाचं बोलणं झालं. पण आज आणखी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती या पेनाशीच जोडलेली आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या एका विंगमध्ये खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली. वर बाथरूम होतं. डाग बाथरूमखाली, म्हणजे गळती बाथरूमची, असं समितीने ठरवलं. समितीत मी होतो. त्या कुटुंबाने सांगितलं, आमच्याकडे काही गळत नाही, तपासून घ्या. आम्ही तपासलं नाही. आठ दिवसांत दुरुस्ती करा, नाहीतर पुढची कारवाई करू, अशी नोटीस दिली. मजकूर माझा, अक्षर माझं, पेन हेच. त्यांनी स्वतःच्या खर्चाने फरशी उखडली, वॉटरप्रूफिंग केलं. घरात म्हातारी माणसं होती, महिनाभर त्यांची अंघोळ शेजारी. वरच्या आणि खालच्या घरांचं बोलणं बंद झालं. हळदीकुंकवाला दोन गट पडले.

पुढच्या जूनमध्ये ओल पुन्हा आली.

तेव्हा कुठे आम्ही एका इंजिनिअरला बोलावलं. त्याने बाथरूममध्ये रंगीत पाणी दोन दिवस साठवून ठेवलं. खाली एक थेंब नाही. मग बाहेरच्या भिंतीवर पाइपने पाणी मारलं. तासाभरात छत ओलं. कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथे उभी चीर होती. पाणी तिथून शिरून स्लॅबच्या कडेकडेने फिरत बाथरूमखाली उगवत होतं. आणि बाहेरची भिंत कोणाची? सोसायटीची. म्हणजे जबाबदारी आमचीच.

माझ्या पेनाची पट्टी मी त्यानंतर लावली. खरं सांगायचं तर त्या इंजिनिअरचं रंगीत पाणी पाहूनच ती कल्पना सुचली. भिंगातून ती चीर दिसली तेव्हा मला पेनाआधी ती नोटीस आठवली.

समितीने त्या कुटुंबाला खर्च परत दिला. मी घरी जाऊन माफीही मागितली. काकांनी चहा दिला, "झालं ते झालं" म्हणाले. पण नोटीस लेखी होती आणि माफी तोंडी. नोटीस सोसायटीच्या फाइलमध्ये आजही आहे, माझ्या सहीची. उद्या कोणी फाइल उघडली तर त्याला एवढंच कळेल की या घरामुळे गळती झाली होती. म्हणून त्यांची परवानगी घेऊन, नाव न घेता, ते समोर बसलेले असताना हे बोलतो आहे, आणि स्मरणिकेत छापून यावं असा आग्रहही माझाच आहे. ती नोटीस चुकीची होती. दोष त्या घराचा नव्हता. आम्ही न तपासता ठरवलं. मला माफ करा. हे लिहून काढतानाचा पहिला कागद याच पेनाने लिहिला आहे, आणि तो त्या फाइलमध्ये नोटिशीला जोडून ठेवायला मी सेक्रेटरींना दिला आहे.

बाकी, दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी क्लब हाऊसमध्ये बसणार आहे. टेबल, पाणी, टिश्यू पेपर आणि भिंग माझं. पेन तुमचं. सातवी-आठवीच्या मुलांनी जरूर यावं, शाळेत पुन्हा शाईचं पेन मागतात असं ऐकतो. पेन येताना भरून आणा, निब वर ठेवा. आणि कोणाच्याही पेनाला मी पक्कड लावणार नाही. ती मी घरी ठेवून आलो आहे.